मदत हवी आहे: पीटरसन पाइपच्या जुन्या दांडीबाबत

आजोबांचा डब्लिनच्या पीटरसन कंपनीचा ‘सिस्टिम’ हा तंबाखू ओढण्याचा पाइप माझ्याकडे आला आहे. १८९० च्या पेटंटनुसार त्यात धुरातला ओलावा साठवणारी खळगी आहे, आणि १८९८ च्या पी-लिप या तोंडात धरायच्या टोकाच्या रचनेमुळे दांडीचे छिद्र वर, टाळूकडे उघडते; त्यामुळे जीभ पोळत नाही, असे आजोबा सांगत. व्हल्कनाइटची (गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची) दांडी मात्र उन्हात राहून हिरवट-पिवळी पडली असून ओठांना गंधकाची चव लागते. बारीक पॉलिश कागदाने घासल्यास पी-लिपची कड बोथट होईल का? शिवाय एका दुकानदाराने दांडीचे भोक मोठे करून ९ मिमीचा कोळशाचा फिल्टर बसवण्यास सुचवले. खळगीत उतरणारे निमुळते टोकच त्यात कापले जाईल, म्हणून मला ते पटत नाही. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.