अनुभव धागा : छोट्या बांधकाम धंद्यात जोखीम कशी सांभाळता?

मंडळी, मोठ्या कंपन्यांत जोखमीचा विचार करायला वेगळी माणसं असतात. आपल्याकडे मालकच इंजिनिअर, तोच वसुली करणारा, रात्री सिमेंटची गाडी उतरवून घेणाराही तोच. एका कामात बसलेला फटका पुढची दोन कामं खातो. तुम्हाला कोणत्या धोक्याने गाठलं आणि त्यानंतर पद्धतीत काय बदललं, ते लिहा. ढोबळ सल्ले नकोत, साइटवरचं लिहा.

सांगली, बंगल्यांची कामं
आमच्याकडे मालासकट चौरस फुटाचा दर ठरतो. २०२२ च्या सुरुवातीला सळईचे भाव असे चढत गेले की फुटिंगच्या (पायाच्या) वेळी धरलेला दर स्लॅबपर्यंत टिकेना. मे महिन्यात केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि भाव उतरले, पण तोवर आमची खरेदी झालेली होती. आता करारात सळई आणि सिमेंटचा त्या दिवशीचा भाव लिहून ठेवतो. पाच टक्क्यांपर्यंतचा चढउतार आमचा, पुढची वाढ बंगल्याच्या मालकाची, आणि भाव पडला तर तेवढे पैसे मालकाला परत. हे शेवटचं कलम घातल्यापासून सहीला कुणी आढेवेढे घेतले नाहीत.

नाशिक, फर्मचा हिशेब बघते
दादा, खाजगी कामात समोर बसून बोलता तरी येतं. १८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा आमची निविदा जुन्या दराने मंजूर होती. पत्रव्यवहार करून फरक मिळाला, पण मधल्या काळात कर आम्हीच भरला, कारण रिटर्नची तारीख बिल मंजूर व्हायची वाट बघत नाही. तेव्हापासून प्रत्येक कामाची वेगळी वही ठेवते : मोजमाप कधी झालं, बिल कधी गेलं, किती कापलं, सुरक्षा ठेव कधी सुटणार. दोषदायित्व कालावधी (कामात निघालेला दोष आम्हीच दुरुस्त करून द्यायची मुदत) संपला की दुसऱ्याच दिवशी ठेवीसाठी अर्ज जातो.

आणि एक नियम आम्ही मोडत नाही. बिल तीन महिने अडकलं तरी मजुरी थांबणार नाही, एवढंच काम अंगावर घ्यायचं. निविदेत कुणी कितीही बिलो (अंदाजित दराच्या खाली) गेलं तरी आम्ही त्याच्या मागे जात नाही. वर्षाचा आकडा लहान दिसतो, पण बँकेसमोर हात पसरावे लागत नाहीत.

लातूर
काळी माती, पावसात फुगते, उन्हात आकसते. प्लॉटवर किमान दोन ठिकाणी ट्रायल पिट (माती तपासायचा खड्डा) घेतल्याशिवाय पायाचा दर देत नाही. खड्ड्याचा खर्च मालकाने द्यायचा, काम आम्हाला मिळो न मिळो.

पुणे, साइट इंजिनिअर
पैशाचं सगळे लिहितील, मी खोदाईचं लिहितो. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात पावसात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यात लहान मुलंही होती. त्यानंतर आमच्या फर्ममध्ये लेआउट आखताना पहिली खूण मजुरांच्या खोल्यांची होते : कुठल्याही भिंतीपासून आणि खोदाईच्या काठापासून लांब. शेजारच्या भिंतीलगतची खोदाई मेच्या आत संपवून भराव करायचा, नाहीतर पावसाळा उलटेपर्यंत हात लावायचा नाही. काढलेली माती काठावर रचायची नाही. काठाला भेग दिसली की आधी माणसं वर, मग मालकाला फोन. काम थांबवायचा अधिकार साइट इंजिनिअरला मालकाने लेखी दिलाय. त्या कागदाशिवाय जेसीबीवाला कुणाचं ऐकत नाही, हे मी पाहिलंय.

सोलापूर, सेंट्रिंगचा (स्लॅबच्या साच्याचा) ठेका
आमची जोखीम म्हणजे माणसं. उचल घेतात आणि जत्रेला, सुगीला गावी गेली की परतायचा भरवसा नसतो. मी उचल एकदम न देता हप्त्यांनी देतो आणि सुगीच्या दिवसांत स्लॅबची तारीखच धरत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बरेच ठेकेदार तो द्यायला घाबरतात. मी स्वतः भरून देतो, त्या माणसाचा हक्कच आहे तो. ज्यांना दिला ते पुढच्या हंगामाला परत आले. अपघात विमाही काढतो, पण माणसं बदलली की नावं बदलून घ्यायला वेळ लागतो. नाशिकच्या ताई, तुम्ही पॉलिसी नावांवर घेता की संख्येवर?