फवारणीनंतर तासन्‌तास आंघोळ : घरच्यांनी काय करावे?

प्रश्न : पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका, यवतमाळ)

माझा धाकटा भाऊ गेल्या हंगामापासून फवारणी करून आला की तासन्‌तास न्हाणीतून बाहेर येत नाही. आता त्याने वावरात जाणेच सोडले आहे. तरीही शेजाऱ्याने फवारणी केल्याचे कळले की घरातील धुतलेली भांडी तो पुन्हा धुवायला लावतो आणि ‘औषध माझ्या अंगात गेले नाही ना?’ असे आईला दिवसभर विचारतो. यवतमाळच्या डॉक्टरांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असे निदान करून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत काहीच फरक नाही. नातेवाईक बाहेरची बाधा म्हणतात, ते सोडून देऊ. परंतु २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. मग त्याची भीती खोटी कशी म्हणावी?

उत्तर : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ

खोटी म्हणूच नका. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारणे, कपडे वेगळे धुणे आणि साबणाने एकदा स्वच्छ आंघोळ, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावीच. त्यानंतरची प्रत्येक आंघोळ मनातील संशयासाठी असते. तो घटकाभर शमतो आणि पुढच्या वेळी अधिक आंघोळ मागतो.

यावरील मुख्य मानसोपचार ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ हा आहे. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून त्याचा पाया घातला गेला. यात रुग्णाच्या संमतीने, सोप्या पायरीपासून सुरुवात करून, भीती जागवणाऱ्या प्रसंगाला सामोरे जायचे आणि धुणे, तपासणे, विचारणे मात्र थांबवायचे असते. विषाला हात लावायला आम्ही कुणालाच सांगत नाही. तुमच्या भावासाठी पहिली पायरी कदाचित अशी असेल, की शेजारी फवारणी झाल्याचे ठाऊक असूनही धुतलेल्या ताटात, ते पुन्हा न धुता, जेवायचे. पूर्वी अस्वस्थता उतरेपर्यंत थांबण्यावर भर असे. आता ती पूर्ण उतरली नाही तरी जेवता येते, कामावर जाता येते, हे अनुभवाने कळणे आम्ही अधिक मोलाचे मानतो. शंभर टक्के खात्री मिळवून देण्याचे काम उपचार करत नाही, आणि हीच गोष्ट कुटुंबीयांना पटवून देणे मला रुग्णाला पटवून देण्यापेक्षा अवघड जाते.

गोळ्यांचा परिणाम दिसायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात आणि मात्राही अनेकदा याच गोळ्या नैराश्यासाठी देताना लागते त्यापेक्षा अधिक लागते, म्हणून त्या मनाने बंद करू नका.

उत्तर : एक वाचक (हिंगणघाट)

मला विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद केला की नाही, हे पाहायला रात्री पुन्हापुन्हा वावरात जावे लागे. गावाजवळ मानसोपचार मिळेना, तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोललो आणि पुढे कुठे दाखवावे ते कळले. संशय आजही येतो, विशेषतः झोप कमी झाली की. मी तो घेऊनच अंथरुणावर पडतो आणि उठत नाही.

प्रश्नकर्ता

आईने त्याच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही तर तो रडतो, जेवत नाही. आईच्या जिवाला ते सोसवेल कसे?

उत्तर : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ

एका दिवसात उत्तरे तोडू नका, त्याला ती शिक्षा वाटेल. तो शांत असताना तिघे बसा आणि आईने नेमके काय म्हणायचे ते त्यालाच ठरवू द्या. उदाहरणार्थ, ‘हा प्रश्न आजार विचारतो आहे, त्याचे उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.’ सुरुवातीला फक्त संध्याकाळच्या जेवणापुरते हे पाळा आणि ते जमले की वेळ वाढवा. आईंनाही पुढच्या भेटीला यवतमाळला सोबत न्या, कारण डॉक्टरांकडून हे प्रत्यक्ष ऐकल्यावर त्यांना नकार देणे थोडे सोपे जाईल. मात्र त्याने जीव देण्याची भाषा केली किंवा अन्नपाणीच सोडले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.