दुसऱ्या कंपनीच्या विमानात जंपसीट: गेटवर आणि कॉकपिटमध्ये कसं वागायचं?

नवा_एफओ

नमस्कार मंडळी. अमेरिकेत एका रीजनल कंपनीत (मोठ्या कंपनीसाठी छोट्या पल्ल्याची विमानं चालवणाऱ्या) ई-१७५ या छोट्या जेटवर फर्स्ट ऑफिसर म्हणून ट्रेनिंग संपत आलंय. बेस (ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ) शिकागोचा ओहेर, घर न्यू जर्सीत एडिसनला, म्हणजे नेवार्क–ओहेर ये-जा (कम्यूट) कायमची. आमच्या कंपनीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे बहुतेकदा दुसऱ्यांच्या विमानात जंपसीट (ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकाला तिकिटाशिवाय मिळणारी जागा, बहुधा कॉकपिटमधली जादा सीट) मागावी लागणार. ट्रेनिंगमध्ये यावर एकच स्लाइड होती: "नम्र राहा." तेवढ्यावर भागत नाही.

गेटवर कधी जायचं, काय दाखवायचं? केबिनमध्ये सीट मिळाली तरी कॅप्टनला भेटायचं का? कॉकपिटमध्ये बसल्यावर काय करायचं नि काय नाही? आणि "वजनामुळे जमणार नाही" म्हणाले तर पुढे काय?

ओहेरकर

क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी गेट एजंट, मग फ्लाइट अटेंडंट, मग कॅप्टन. मधलं कुणी ओलांडून पुढे गेलात की बिनसलंच.

लिस्टिंग (जंपसीटसाठी नाव नोंदवणं) कसं करायचं ते कंपनीगणिक बदलतं. काहींचं अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर होतं, काहींकडे थेट गेटवरच. आदल्या रात्रीच बघून ठेवा. गेटवर तासभर आधी पोचा. बोर्डिंग सुरू व्हायच्या आसपास एजंट अपग्रेड, स्टँडबाय आणि सीट बदलून मागणारे यांत पुरता गुंतलेला असतो, तेव्हा काउंटरवर कोपर टेकवून उभं राहू नका. एकदा नाव दिलं की बाजूला, पण एजंटला दिसाल असं बसा. दार साधारण १५ मिनिटं आधी बंद होतं, त्यामुळे कॉफीच्या रांगेत हरवू नका.

हातात तीन गोष्टी: कंपनीचं ओळखपत्र, पायलट सर्टिफिकेट, मेडिकल (वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र). तिन्ही एकत्र काढा, एकेक शोधत बसू नका. मेडिकलचा कागद घड्या घालून फाटतो, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. "मला जंपसीट हवी आहे" यापेक्षा "जंपसीट मोकळी आहे का?" असं विचारलेलं बरं.

आता कॅस, म्हणजे कॉकपिटमध्ये बसू पाहणाऱ्याची ओळख आणि नोकरी पडताळणारी संगणक प्रणाली. ९/११ नंतर परक्या कंपनीच्या वैमानिकाला कॉकपिट बंद झालं होतं, ते या प्रणालीमुळे पुन्हा उघडलं. एजंट तुमच्या कंपनीचा कोड आणि एम्प्लॉयी नंबर टाकतो. तुमच्या कंपनीच्या नोंदीतून फोटो येतो आणि सोबत होकार किंवा नकार. रीजनलवाल्यांचा घोळ इथेच होतो. विमानावर रंग मोठ्या भागीदार कंपनीचा, गळ्यातल्या पट्ट्यावरही कधीकधी तिचंच नाव, म्हणून एजंट तिचा कोड टाकतो आणि नकार येतो. पगार देणाऱ्या कंपनीचा कोड स्वतःहून सांगा. एम्प्लॉयी नंबरच्या सुरुवातीची शून्यं गाळली गेली तरी हेच होतं. नवीन भरतीवाल्यांचं नावच अजून चढलेलं नसतं किंवा रजेवरून परतलेल्याची नोंद "रजेवर" अशीच राहिलेली असते. ते एजंटच्या हातात नाही. तुमच्या कंपनीला किंवा युनियनच्या जंपसीट कमिटीला फोन करा, आणि तोही पहिल्या कम्यूटच्या आधी, गेटवरून नव्हे.

कॅसचा होकार नसेल तर कॉकपिटची सीट विसरा. केबिनमध्ये जागा असेल तर काही कंपन्या तिथे बसवतात, पण ते त्यांच्या नियमांवर आणि कॅप्टनवर.

आणखी एक, दार बंद होईपर्यंत सीट तुमची नाही. त्या कंपनीचा स्वतःचा वैमानिक शेवटच्या पाच मिनिटांत आला तर तुम्ही उठायचं. एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) इन्स्पेक्टर आला तर कॉकपिटमधली पुढची ऑब्झर्वर सीट त्याची, तो नियमातलाच हक्क आहे. चेहरा न पाडता उठा, तोच एजंट पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणार असतो.

तिसरी_खुर्ची

कॉकपिटबद्दल मी लिहितो.

केबिनमध्ये २३ बी मिळाली तरी कॅप्टनला भेटायचंच, यात दुमत नाही. तुम्ही प्रवासी म्हणून तिकीट काढून आलेले नाही, विमानात कोण येणार याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. दारातल्या फ्लाइट अटेंडंटला नाव सांगा, "आत जाऊन विचारू का?" म्हणा. चॉकलेटचा एखादा पुडा त्यांच्यासाठी नेण्याची पद्धत आहे. सक्ती नाही, पण वाया जात नाही. कॉकपिटच्या उंबऱ्यावर थांबा. आत चेकलिस्ट किंवा क्लिअरन्स चालू असेल तर तोंड उघडू नका, त्यांनी मान वळवून बघेपर्यंत थांबा. मग नाव, कंपनी, कोणतं विमान उडवता आणि "तुमच्यासोबत येऊ का?" एवढंच. कागद न मागता पुढे करा. कॅप्टन ते नीट वाचत बसला तर मनाला लावून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या ई-१७५ मध्ये जंपसीटवरच्या, ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनांचे फायर हँडल (आग लागल्यास इंजिन बंद करायचे दांडे) ओढले होते. क्रूने वेळीच आवरलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. तेव्हापासून तिसऱ्या माणसाकडे लोक जरा जास्त निरखून बघतात, आणि बघावंच.

७३७ वर दोन जागा असतात. एक कॅप्टनच्या मागे आणि दुसरी दाराच्या चौकटीत उघडणारी. मागच्या सीटवाला आधी आत जातो, मग दारातली सीट खाली येते. ती उघडली की आत-बाहेर जाणं बंद. म्हणून फ्लाइट अटेंडंटचं नि गेट एजंटचं कॅप्टनशी काम संपेपर्यंत ती उघडायची नाही, गॅलीत अंग चोरून उभं राहायचं. बॅग आधीच केबिनमध्ये लावा. आत चाकांची बॅग ठेवायला जागा नाही, आणि वरचे कप्पे भरले असतील तर ती गेटवर खाली देण्याची तयारी ठेवा. पैसे भरलेल्या माणसाची बॅग काढून तुमची ठेवायची नाही.

बसल्यावर सगळे पट्टे लावा. हेडसेट किंवा स्पीकर काय वापरायचं ते विचारा. ऑक्सिजन मास्क तपासताना आधी "मास्क टेस्ट करतोय" म्हणा, कारण इंटरफोन चालू असेल तर फुस्स आवाज सगळ्यांच्या कानात जातो. टेस्टचं बटण दाबल्यावर पिवळी खूण क्षणभर दिसली पाहिजे. खिडकीतून उतरायचा दोर कुठे आहे ते बघून ठेवा.

१०,००० फुटांखाली आणि टॅक्सी करताना गप्प. मात्र रनवेवर दुसरं विमान दिसलं, फ्लॅप राहिले असं वाटलं, तर लगेच बोला. गप्प राहण्याचा नियम गप्पांसाठी आहे, अशा गोष्टींसाठी नाही. वर गेल्यावर आधी त्यांनी विषय काढू द्या. "आमच्याकडे हे असं करतो" हे वाक्य तर घरीच ठेवून या. कशालाही हात लावायचा नाही, पडलेलं पेनसुद्धा पेडेस्टलवरून (दोन वैमानिकांमधल्या नियंत्रणांच्या पट्ट्यावरून) विचारून उचला. फोन विमान मोडवर, फोटो नकोत.

दारू: बहुतेक कंपन्या जंपसीटवाल्यालाही उड्डाणाआधी ८ तास दारू न घेण्याचा नियम लावतात, काहींचा १२ चा आहे. केबिनमध्ये बसलात तरी विमानात घ्यायची नाही, गणवेश असो वा नसो.

डिस्पॅचवाला

वजनाचं मी सांगतो, कारण उड्डाणाचं नियोजन करणाऱ्या आम्हा डिस्पॅचवाल्यांनाच शिव्या पडतात.

सीआरजे-२०० सारख्या ५० सीटच्या विमानात रिकामी सीट दिसते म्हणजे जागा आहे असं नाही. ओहेरला बर्फ असेल तर अल्टरनेट (उतरता न आल्यास जायचा पर्यायी विमानतळ) लागतो, तो लांबचा असेल तर जास्त इंधन, आणि छोट्या पल्ल्यावर ते इंधन उतरेपर्यंत जळत नाही. मग मॅक्स लँडिंग वेट (उतरताना चालणारं कमाल वजन) आडवं येतं आणि सगळ्यात आधी जंपसीट कापली जाते.

वाद घालू नका, पण माहिती विचारता येते: "किती पौंड कमी पडताहेत?" २० पौंडांचा प्रश्न असेल तर बऱ्याचदा सुटतो. लहान मुलांचं वजन मोठ्यांचं धरलं गेलंय का, न आलेल्या प्रवाशांच्या बॅगा वजा झाल्यात का, हे एजंट पुन्हा तपासू शकतो. कॅप्टन आम्हाला फोन करून जवळचा अल्टरनेट मागू शकतो. हवामान परवानगी देत असेल तर आम्ही बदलतो. पण तो फोन कॅप्टनने स्वतःहून करायचा असतो, तुम्ही फक्त "थांबू का दारापाशी?" एवढं विचारा. ५०० पौंड कमी असतील तर आभार मानून पुढच्या गेटकडे पळा.

नवा_एफओ

खूप आभार. दोन शंका राहिल्या. कॉकपिटमध्ये झोप लागली तर? आणि फ्लाइट चुकली तर बेसला काय सांगायचं?

तिसरी_खुर्ची

झोपेबद्दल मतं वेगळी आहेत. माझ्या मते कॉकपिटमध्ये नको, फारच दमला असाल तर "जरा डोळे मिटू का?" असं कॅप्टनला विचारा. १०,००० फुटांखाली मात्र जागं राहायचं, उतरताना तिसरे डोळे उपयोगी पडतात. केबिनमध्ये खुशाल झोपा.

ओहेरकर

तुमच्या करारातलं कम्यूटर कलम वाचा. बऱ्याच ठिकाणी ड्यूटीच्या आधी वेळेत पोचणाऱ्या दोन फ्लाइट्स धरायच्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींच्या लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ठेवा. पहिली हुकल्याबरोबर क्रू शेड्यूलिंगला कळवा, दुसरी हुकल्यावर नाही. नेवार्कला दुपारनंतर उशीर साचत जातो, तेव्हा सकाळची पकडा.

पार्ले_ते_डलास

थोडं अवांतर: भारतातून येणाऱ्यांनी हे तिकडे गृहीत धरू नये. तिथे कॉकपिटमध्ये कोण बसणार यावर डीजीसीए (भारताचा विमान वाहतूक नियामक) फार काटेकोर आहे. २०२३ मध्ये दुबई–दिल्ली फ्लाइटमध्ये कॅप्टनने ओळखीच्या व्यक्तीला आत बसवलं, तर कंपनीला ३० लाख रुपये दंड आणि कॅप्टनचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं. सुट्टीत पुण्याला जाताना ओळखपत्र बॅगेतच राहू द्या.

आणि उतरल्यावरचं कुणी लिहिलं नाही. पार्किंग चेकलिस्ट संपेपर्यंत पट्टा सोडू नका. मग सीट दुमडून वाट मोकळी करा, दोघांचे आभार माना आणि बाहेर फ्लाइट अटेंडंटचेही. पुढची फ्लाइट पकडायची असेल तर ते उड्डाणाआधीच सांगून ठेवा, उतरल्यावर प्रवाशांना ढकलून नाही.