अनुभव धागा : रणात गेलेल्यांची आठवण तुमच्याकडे कशी काढतात?

१६ डिसेंबरला घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर पुष्पचक्रं वाहिली जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. १९९८ मध्ये हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं, तेव्हा आमच्या खडकीच्या घरातूनही थोडे पैसे गेले होते. आजोबा पावती जपून ठेवायचे. पण मला विचारायचंय ते त्या फोटोत न येणारं. तुमच्या घरात, गावात, आळीत, शाळेत दरवर्षी लढाईत गेलेल्या माणसासाठी नेमकं काय केलं जातं? कोण करतं? आणि ज्यांनी त्याला पाहिलं होतं ते गेल्यावरही ते चालू राहिलं का?

लढाई कुठली याला अट नाही. पानिपतची चालेल, कारगिलचीही. घरातल्या माणसांची नावं मात्र नका लिहू. पाकिस्तानला काय धडा शिकवावा यासाठी दुसरी जागा शोधा.

मुळशीकरीण

आमच्याकडे हे पितृपक्षात होतं. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत, सांग्रो नदीच्या लढाईत गेले. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं, घातचतुर्दशी म्हणतात ती हीच. घरातल्या बाकी सगळ्यांचा म्हाळ ज्याच्या त्याच्या तिथीला, पण शस्त्राने गेलेल्याचं पान या दिवशी. पणजोबांचं पान गेली ऐंशीएक वर्षं असंच वेगळं वाढलं जातंय.

आधी पणजी करायची, मग आजी, आता आई आणि मी. भात, कढी, अळूचं फदफदं, गवार, भोपळा, वडे, खीर. यात एक भर पणजीची: पानाशेजारी चहाचा कप. पलटणीत चहाची सवय लागली आणि रजेवर आल्यावर ते दुधाआधी चहा मागायचे, म्हणून. भटजींनी एकदा चहा शास्त्रात बसत नाही म्हणून सांगितलं होतं. पणजी म्हणाली, इटली तरी कुठं बसते. कप राहिला.

त्यांचा फोटो नाही. पण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांत गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) नोंदीत भावाला त्यांचं नाव सापडलं. सांग्रोच्या दफनभूमीतच हिंदू आणि शीख सैनिकांसाठी दहनस्मारक आहे, तिथे पाचशेहून जास्त भारतीयांची नावं कोरली आहेत. म्हणजे अग्नी मिळाला होता, एवढं तरी कळलं. हे आजीला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “लाकडं कुणी आणली असतील?”

सातारकर_पुण्यात

@मुळशीकरीण, तुमच्या पणजोबांचं नाव कोरलं गेलं हे नशीब. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या आपल्या साध्या शिपायांची नावं बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीच नाहीत. ब्रिटिश सैनिकांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि बाकी हिंदी शिपायांचा नुसता पलटणवार आकडा. २०२१ मध्ये त्या कमिशनने स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य करून माफी मागितली.

म्हणून गावोगावच्या संगमरवरी पाट्यांचं मला महत्त्व वाटतं. या गावातून इतके महायुद्धाला गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच लिहिलेलं असतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात हा आकडा ४६ आहे. पाटीवर तिथेही नुसती संख्याच. पण आकडा गावातच लागलाय, त्यामुळे त्यातलं एकेक माणूस कुणाच्या घरचं हे सांगणारे निघतात.

पेरणेफाटा

आमच्याकडे १ जानेवारी. नगर रस्त्यावरची वाहतूक आदल्या दिवसापासून वळवतात, त्यामुळे पुणेकरांना हा दिवस बहुतेक करून ट्रॅफिकच्या बातमीतून कळतो. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर ४९ जणांची नावं आहेत. त्यातली २२ ‘नाक’ शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. १८१८ ची लढाई, कंपनी सरकारने बांधलेला स्तंभ, आणि १९२७ साली बाबासाहेब तिथे मानवंदनेला आले तेव्हापासून त्या स्तंभाचा अर्थच पालटला. लढाई कोण जिंकलं यावर इतिहासकारांनी भांडावं. आम्ही ती नावं वाचायला जातो.

माझे वडील महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. रेजिमेंटच्या पहिल्या टोपीचिन्हावर हाच स्तंभ होता. ३१ च्या रात्री ते बेरेट काढून ब्रशने साफ करतात, मेडलं लावतात आणि पहाटेच निघतात. त्यांच्यासारखे पेन्शनर रांगेत उभे राहून सॅल्यूट करतात. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, खांद्यावर पोरं, पुस्तकांचे स्टॉल, वाफाळता चहा, निळे झेंडे, धुकं. २०१८ नंतर बंदोबस्त फार वाढला, पार्किंगपासून बसने जावं लागतं. गर्दी काही कमी झाली नाही.

सोहळा म्हणून सांगण्यासारखं तिथे थोडंच घडतं. लोक स्तंभापर्यंत जातात, हात जोडतात, कुणी वही काढून नावं उतरवून घेतं. मी सातवीत असताना वडिलांनी मलाही उतरवायला लावली होती. इंग्रजी अक्षरांत ती नावं इतकी वेडीवाकडी लिहिलीत की मोठ्याने म्हटल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही.

धाकटी_बहीण

भाऊ काश्मीरमध्ये गेला. आमचं गाव खेड तालुक्यात.

पहिल्या वर्षी मंत्री येणार म्हणून रात्रीतून रस्ता डांबरी झाला. भाषणं झाली, शाळेला नाव देण्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षापासून ‘वीरमाता सत्कार’ सुरू झाले. एका कार्यक्रमात आईला दहाची वेळ दिली आणि प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. तोवर ती स्टेजवर पहिल्या खुर्चीत, उन्हात. पाणी विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे फ्लेक्स सरळ करत होते. मग शाल, श्रीफळ, फोटो. एकाने माइकवर भावाचं नावही चुकीचं घेतलं. आई तिथल्या तिथे उठून म्हणाली, “ते दुसऱ्या कुणाचं हाय.” सभा हसली. ती हसली नाही.

घरात शालींनी पेटी भरली होती. आता आई त्या कार्तिकीला आळंदीला घेऊन जाते. तेव्हा थंडी असते आणि इंद्रायणीच्या घाटावर म्हाताऱ्या वारकरी बायका उघड्यावर झोपलेल्या असतात. एकेकीच्या अंगावर टाकत जाते. कुणाची शाल, कशाची शाल, काही सांगत नाही. एका पुढाऱ्याने दिलेल्या शालीवर त्याच्या संस्थेचं नाव भरतकामात होतं, ते मात्र तिने आधी उसवलं.

भावाच्या तारखेला रात्री मारुतीच्या देवळात भजन असतं. ते गावानेच लावलंय, पत्रिका नाही, पाहुणे नाहीत. आणि त्याच्या तुकडीतला एक तमिळ जवान जमेल त्या वर्षी रजा काढून येतो. त्याला मराठी येत नाही, आईला हिंदी येत नाही. दोघं ओसरीवर शेंगा फोडत बसतात. जाताना तो तिच्या पायावर डोकं ठेवतो आणि ती त्याच्या पिशवीत तिखट कोंबते. ज्या वर्षी सुट्टी मिळत नाही त्या वर्षी व्हिडिओ कॉल करतो आणि फोन फिरवून बाकीच्या पोरांना दाखवतो. त्यातली निम्मी आता भावाला न पाहिलेली, नवीन भरतीची आहेत. तरी ‘माताजी राम राम’ म्हणतात.

मला विचाराल तर कार्यक्रम करा, नाही असं नाही. पण घरच्यांना आधी फोन करून विचारा की त्यांना यायचंय का, आणि आल्यावर सावलीत बसवा.

पेन्शनर_सॅपर

ताई, तुमच्या मातोश्रींना माझा सॅल्यूट सांगा.

फौजेत हे कसं चालतं ते लिहितो, कारण बाहेर फक्त फुलं दिसतात. आधी पुष्पचक्र, मग ‘शोक शस्त्र’चा हुकूम. रायफल उलटी होते, नळी खाली, मान खाली. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’. शांतता. मग ‘राउझ’ वाजतं आणि सगळे ताठ. एवढंच. भाषण नाही. दहा मिनिटांत आटोपतं आणि तेच बरं असतं.

प्रत्येक पलटणीचा स्वतःचा दिवसही असतो, तो कॅलेंडरवर छापलेला नसतो. पूना हॉर्सचंच बघा. नाव पुण्याचं, उभारणी १८१७ ची, पण पुण्यात कुणाला विचारा. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला पडले आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. खेत्रपाल तर जन्माने पुण्याचे, वय २१. एनडीएचं परेड ग्राउंड त्यांच्या नावाचं आहे, आणि तिथेच कॅडेटांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली ‘हट ऑफ रिमेंबरन्स’ आहे. अकादमीतून शिकून गेलेल्या आणि युद्धात कामी आलेल्या मुलांची नावं भिंतींवर. पन्नास वर्षांनी कोर्समेट जमतात तेव्हा आधी तिथे जातात, मग जेवायला.

दगडधोंडे

इतकी जुनी गोष्ट चालेल का माहीत नाही, पण पुणे जिल्ह्यात वीरगळ (लढताना गेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) नसलेलं जुनं गाव शोधावं लागेल. खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर (शेजारी गायी असतील तर गोधन राखताना गेलेला), मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती. नाव बहुतेकांवर नाही. कुठल्या राजाच्या बाजूने, कुणाविरुद्ध, काही पत्ता नाही.

आणि तरी अवसेला त्यांना तेल घातलं जातं. शिरूर तालुक्यातल्या एका गावात आजींना विचारलं, हे कोण? “वीर हायती.” कुठले? “गावचे.” चौकशी संपली.

वाईट एवढंच, की देवळांच्या जीर्णोद्धारात हे दगड पहिल्यांदा हलतात. पायरीला लागतात, ऑइलपेंटने चांदीसारखे रंगतात, किंवा टाइल्सच्या मागे गाडले जातात. शेंदूर परवडला, निघतो तरी. गावात कुणी ट्रस्टी ओळखीचे असतील तर एवढं सांगा: दगड देवळाच्या भिंतीशी, छपराखाली, उभे ठेवा. खर्च काही नाही.

गोदाकाठचा

मूळचा नाशिकचा, नोकरीमुळे हडपसरला. आमच्याकडे धुळवडीला वीर नाचवतात. लढाईत गेलेला पूर्वज देवघरात टाकाच्या, म्हणजे धातूच्या छोट्या प्रतिमेच्या, रूपात असतो. त्या दिवशी टाक घेऊन, वाजतगाजत गोदावरीवर न्यायचा, स्नान घालायचं, परत आणायचं. पुण्यात लोक रंगाची सुट्टी म्हणून घरात झोपतात आणि मी सासवडपर्यंत टाक डब्यात घालून कऱ्हेवर जातो. बायको म्हणते, वीर पीएमटीने चाललेत.

मास्तर

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत डबे फिरतात, मुलं दहा-दहा रुपये टाकतात आणि कशाचे ते विचारत नाहीत. आम्ही आठवीला एक काम दिलं: येताजाता जी कमान, चौक, उद्यान, बसथांबा एखाद्या जवानाच्या नावाचा आहे, त्याची माहिती आणा. कर्वेनगर-कोथरूडकडच्या मुलांनी मेजर प्रदीप ताथवडे उद्यान आणलं. रोज तिथे क्रिकेट खेळतात, पण ते २००० साली काश्मीरमध्ये लढताना गेले आणि त्यांना कीर्ती चक्र मिळालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका मुलीने विचारलं, “सर, ते कुठल्या शाळेत होते?” मला सांगता आलं नाही. तिने शोधून काढायचं कबूल केलंय.

मुळारोड

खडकीच्या वॉर सिमेट्रीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून. मी शेजारीच राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी इथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या ठिकाणी देखभालीची खात्री नव्हती तिथून त्या इथे हलवल्या. आवारातल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त लोकांची नावं आहेत. जनरल असो की शिपाई, दगड एकाच मापाचा.

सगळ्यात मला खिळवतात ती आफ्रिकन नावं. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले १९३ सैनिक, जे हिंदुस्थानात येऊन इथेच वारले. नोव्हेंबरात ब्रिटिशांच्या नावापुढे पॉपीची कागदी फुलं दिसतात, कधी कुणाची नात विलायतेहून येते, दगडाशेजारी बसते. या लोकांसाठी मी अजून कुणाला आलेलं पाहिलं नाही. माळी मात्र त्यांच्याकडची हिरवळही तितकीच नीट कापतो. त्याला मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, “साहेब, वाफा म्हणजे वाफा.”

गडकरी_नव्हे_गडी

माघ वद्य नवमी, सिंहगड, तानाजी मालुसऱ्यांची समाधी. पोवाडा ऐका, पिठलं-भाकरी खा, पण प्लास्टिक खाली आणा. एवढंच.

मीच_ती_पुणेकर

पानिपत १४ जानेवारीला झालं (१७६१) हे सासऱ्यांनी संक्रांतीला तिळगूळ देताना दरवर्षी सांगायचं, आणि सासूबाईंनी “सणाला कशाला” म्हणायचं, हीच आमच्या घरची परंपरा. ते गेले. आता सासूबाई सांगतात.

खेडचा_नातू

@मुळशीकरीण, आमचेही आजोबांचे काका दुसऱ्या महायुद्धात गेले एवढंच ऐकून आहे. शोधायचं कसं?

मुळशीकरीण

कमिशनच्या संकेतस्थळावर आडनावाने शोधता येतं, पण आडनाव इंग्रजीत लिहिणारा मराठी नव्हता हे धरून चाला. जाधवचं जाधाओ, यादव, काहीही असू शकतं. कधी आडनावच नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. गाव आणि तालुक्याची नोंद असेल तर त्यावरून पटतं. सगळ्यात उपयोगी पडतो शिपाई नंबर. घरात जुना पेन्शनचा कागद, मनिऑर्डरची पावती, मेडलची कड (नंबर बऱ्याचदा तिथेच कोरलेला असतो) बघा. आमचा नंबर सापडला तो पणजीच्या पेटीत, मेडलवर. तिने ते चिंचेने घासून घासून गुळगुळीत केलं होतं, शेवटचा आकडा तीन की आठ हे भावाने भिंग लावून ठरवलं. तुमचं मेडल असेल तर घासू नका. आधी फोटो काढा आणि इथे टाका, आम्ही सगळे मिळून वाचू.