रोज रात्री तोच सुरवंट! मुलांना यात एवढं काय आवडतं?

प्रश्न:
माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' घरात आलं तेव्हापासून झोपताना रोज तेच, तेही तीन-चारदा, संपलं रे संपलं की "पुन्हा"! मी मराठीत सांगते, सुरवंटाने सोमवारी एक सफरचंद खाल्लं, मंगळवारी दोन पेअर, तिला सगळं तोंडपाठ झालंय तरी तेच हवं. गोष्ट तर एवढीशी. दुसरी पुस्तकं पुढे करू का राहू दे?

प्रतिसाद १:
राहू द्या हो! तोंडपाठ झालंय म्हणूनच तर हवंय तिला, आता काय येणार ते माहितीये आणि नेमकं तेच येतं, या वयात केवढा आनंद असतो त्याचा. आणि सुरवंटाने खाल्लं तिथे पानांना खरोखर पाडलेली ती भोकं! माझा मुलगा एकेका भोकात करंगळी घालायचा, पलीकडून निघाली की पान उलटून बघायचा, म्हणजे जणू सुरवंट तो स्वतःच. फळांची पानं बघा, सोमवारचं अगदी अरुंद, मग रोज थोडं थोडं रुंद होत शुक्रवारी पाच संत्री. आकडे, वार सगळं बोटांनीच कळतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रतिसाद २:
पुस्तक भोकांवरूनच सुचलंय. कार्ल पंचिंग मशीनने कागदांना भोकं पाडत होते, त्यावरून डोक्यात आली पुस्तकं खाणारी अळी. सुरवंट सुचवला संपादक ॲन बेनेड्यूस यांनी, मग फुलपाखरू ओघानेच आलं. १९६९ चं पुस्तक, अशी भोकांची, कमीजास्त रुंदीची पानं अमेरिकेत छापणं परवडेना म्हणून जपानमध्ये छापून घेतलं. चित्रं नीट बघा, पातळ टिश्यू कागद आधी रंगवून मग कापून चिकटवलेत, म्हणून तो हिरवा रंग असा जिवंत दिसतो.

प्रतिसाद ३:
इंग्रजीत त्यातल्या 'ककून' शब्दावर लोक हरकत घेतात, कारण तो पतंगांचा, फुलपाखरांचं ते क्रिसालिस. आपण 'कोश' म्हटलं की दोन्ही भागतं. एकच सांगते, कोशानंतरचं पान अगदी हळू उलटा, दोन्ही पानं भरून फुलपाखरू आहे तिथे.

प्रश्नकर्ती:
थँक्यू सगळ्यांना! काल शनिवारच्या पानावर मुद्दाम थांबले, विचारलं, सुरवंटाने एवढं सगळं खाल्लं, मग काय झालं? तर स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "दुखलं". आणि मी काही बोलायच्या आत पान उलटून, जे खाऊन सुरवंटाला बरं वाटतं त्या झाडाच्या हिरव्या पानावर बोट ठेवलं.