संत्र्याचा एक दाणा म्हणजे एक पेशी का?

मनीषनगरची आई
मुलगी नववीत आहे. तिनं विज्ञानाच्या वहीत लिहिलंय, "संत्र्याच्या फोडीतला प्रत्येक दाणा ही एक मोठी वनस्पती पेशी असते." कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं म्हणे. मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. फोडीवरचं पातळ साल काढलं की दाणा दिसतोही तसाच, बाहेर पापुद्रा आणि आत रस. दुसरं म्हणजे, रिक्तिका, म्हणजे पेशीतली पिशवी, पाणी आणि टाकाऊ पदार्थ साठवते एवढंच तिला पाठ आहे. तेवढ्यासाठी पेशी एवढी जागा का देते? कोणी समजावून सांगेल का?

प्रयोगशाळेतले काका
ताई, दाणा म्हणजे एक पेशी नाही. एका दाण्यात पुष्कळ पेशी असतात. मी ३१ वर्षं नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो. कांद्याचा पापुद्रा सगळीकडेच दाखवतात, मी हिवाळ्यात पोरांना संत्र्याचा दाणाही दाखवायचो.

दाणा ब्लेडनं उभा चिरा, रस टिपून घ्या, पापुद्र्याचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. कव्हर स्लिप, म्हणजे वरची पातळ काच, तिरपी टेकवून हळूच सोडा. नाहीतर बुडबुडे शिरतात आणि पोरं त्या काळ्या कडेच्या गोलांनाच पेशी समजून आकृती काढतात. १०० पट मोठं करून पाहा. बाहेरच्या बाजूला अरुंद, लांबट पेशी एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. आतल्या पेशी मोठ्या, पातळ भित्तिकेच्या (पेशीच्या बाहेरच्या भिंतीच्या), आणि त्यांत बारीक नारिंगी ठिपके. ती वर्णलवकं. संत्र्याचा रंग तिथं असतो, आणि रस असतो या पेशींच्या रिक्तिकांमध्ये. म्हणजे मुलगी रस ओळखण्यात चुकली नाही, पेशी मोजण्यात चुकली.

आता रिक्तिकेचं. मे महिन्यात बाजारातून आणलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, घरी येईस्तोवर मान टाकतो. देठं पाण्यात उभी करून ठेवली की थोड्या वेळानं पुन्हा ताठ होतो. रिक्तिकेत साखर, क्षार, आम्लं विरघळलेली असतात, त्यामुळं परासरणानं, म्हणजे पातळ द्रावणातून दाट द्रावणाकडे जातं तसं, पाणी आत येतं. रिक्तिका फुगते, पेशीद्रवाला भित्तिकेवर दाबते, आणि सेल्युलोजची भित्तिका तिला आवरून धरते, सायकलच्या ट्यूबला टायर आवरतं तशी. सांभाराला हाडं नाहीत, त्याला उभं ठेवतो तो हा दाब. शिवाय झाडाला पाणी स्वस्त पडतं. पेशी मोठी करायची तर तेवढी प्रथिनं बनवण्यापेक्षा आत पाणी भरणं सोपं. पूर्ण वाढलेल्या पेशीत रिक्तिका ९० टक्क्यांपर्यंत जागा घेते, ती यासाठी.

प्राणिपेशीला भित्तिका नाही. रक्ताचा थेंब साध्या पाण्यात टाकला तर तांबड्या पेशी फुगून फुटतात, म्हणून सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. कांद्याची पेशी साध्या पाण्यात फुगते, पण फुटत नाही. पण भित्तिका नाही म्हणूनच पांढरी पेशी आकार बदलत जंतूला वेढा घालू शकते आणि स्नायूची पेशी आखडू शकते.

आणखी एक, कारण हे फार पोरं चुकतात. हरितलवक आहे म्हणून झाडाला तंतुकणिका नाही, असं नसतं. हरितलवक अन्न तयार करतं, त्या अन्नातली ऊर्जा मोकळी करायला झाडालाही तंतुकणिकाच लागते, रात्रंदिवस. जमिनीतल्या कांद्यात तर हरितलवक नसतंच.

काटोलचा बागायतदार
काका, मंग झाडावर जास्त दिवस राह्यलेल्या फळाच्या फोडी कोरड्या काहून पडते? दाणा तर चांगला मोठा दिसते, पण चावला का चोथा.

प्रयोगशाळेतले काका
भाऊ, तिथं दाण्यातल्या पेशींच्या भित्तिका जाड होतात, रसाचं घट्ट जेलीसारखं होतं, साखर आणि आम्ल दोन्ही कमी होतात. म्हणून दाणा फुगलेला, पण दाबला तरी रस निघत नाही. चांगला दाणा आणि कडक दाणा एकाच काचपट्टीवर शेजारी ठेवा, भित्तिकेतला फरक डोळ्यांनी दिसेल.

मनीषनगरची आई
काका, मनापासून आभार. काल शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी पाहू दिलं. पहिल्या दोन काचपट्ट्यांत नुसते बुडबुडेच होते! तिसरीत दिसलं. नारिंगी ठिपके मोजत बसली होती, एका पेशीत सतरापर्यंत पोचली. वाक्य तिनं स्वतःच खोडलं. आता म्हणते, कांद्याच्या पेशीतून पाणी बाहेर काढून पाहायचंय. कसं करायचं?

प्रयोगशाळेतले काका
तिला सांगा, लाल कांदा घे. पाकळीच्या बाहेरच्या, जांभळ्या बाजूचा पापुद्रा सोल, कारण तो रंग रिक्तिकेतच असतो. आधी साध्या पाण्यात पाहा, पेशी काठोकाठ रंगलेली दिसेल. मग कव्हर स्लिपच्या एका कडेला दाट मिठाच्या पाण्याचा थेंब सोड आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लाव, म्हणजे मिठाचं पाणी कव्हर स्लिपखाली ओढलं जाईल. डोळा काढू नकोस. रंग आधी कोपऱ्यांतून सुटेल, मग भित्तिका जागेवरच राहील आणि जांभळा गोळा मध्ये आकसत जाईल. याला रससंकोच म्हणतात. मग पुन्हा साधं पाणी सोड. पेशी जिवंत असेल तर रंग परत कडेपर्यंत पसरेल.