लास वेगस: पुढचं लॉन काढून वाळवंटी बाग, रिबेटचा क्रम आणि मधल्या तुतीचं काय?

प्रश्न — हिरवळ_ते_खडी

नमस्कार मंडळी. घर जुनं आहे. पुढच्या अंगणात सुमारे ८०० चौरस फूट लॉन आहे: बरंचसं फेस्क्यू गवत, पण कडेने हरळी घुसली आहे. मधोमध फळ न धरणारी जुनी तुती, फांद्यांचा घेर (म्हणजे आडवा विस्तार, व्यास) साधारण २५ फूट. सदर्न नेवाडा वॉटर ऑथॉरिटी या इथल्या पाणी संस्थेचं लॉन बदलण्याचं रिबेट (काढलेल्या लॉनमागे मिळणारे पैसे) घ्यायचं आहे. कंत्राटदार म्हणतो, "आधी उकरून टाकू, फोटो काढून ठेवू, अर्ज नंतर करता येईल." हे बरोबर आहे का? २०२७ पासून लॉनवर बंदी येणार असं ऐकतोय, ती आम्हालाही लागू होते का? एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) नकार देऊ शकते का? आणि सर्वांत महत्त्वाचं, तुती वाचवायची आहे.

उत्तर १ — मीड_काठ

कंत्राटदाराचं ऐकू नका. आधी अर्ज, मग ऑथॉरिटीची पाहणी आणि मोजमाप, मग लेखी मंजुरी, आणि त्यानंतरच पहिलं फावडं. मंजुरीआधी गवत काढलं की रिबेट गेलं. फोटो दाखवून ते परत मिळत नाही. पाहणीच्या दिवशी लॉन जिवंत असावं लागतं, त्यामुळे "नाहीतरी काढायचंच आहे" म्हणून महिनाभर आधी पाणी तोडण्याची चूकही करू नका. पैसे काम पूर्ण झाल्यावर, दुसरी पाहणी होऊन मिळतात. म्हणजे कंत्राटदाराला आधी तुमच्या खिशातून द्यावे लागतील, तसा हिशेब ठेवा.

घरांसाठीचा दर २०२४ मध्ये चौरस फुटाला ३ डॉलरवरून ५ डॉलर केला होता; त्या दराने ८०० फुटांचे ४,००० डॉलर होतात. दर बदलत असतो, म्हणून अर्ज करताना चालू दर पाहून घ्या आणि मंजुरीच्या कागदावरचा आकडा व मुदत नीट वाचा. कंत्राटदाराच्या तोंडी आकड्यावर बजेट ठरवू नका.

पैसे का देतात, हे समजलं की अटीही समजतात. कोलोरॅडो नदीतून नेवाडाचा वाटा वर्षाला फक्त ३ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी). घरात वापरलेलं पाणी शुद्ध होऊन लेक मीड या नदीवरच्या जलाशयात परत जातं आणि तेवढं पाणी राज्याला पुन्हा उचलता येतं. अंगणात ओतलेलं पाणी मात्र उडून जातं, ते परत येत नाही. लॉनला वर्षाला चौरस फुटामागे सुमारे ७३ गॅलन लागतं, वाळवंटी बागेला १८. तुमच्या ८०० फुटांवर हा फरक वर्षाला ४४,००० गॅलनचा आहे.

२०२७ ची बंदी (२०२१ चा एबी ३५६ कायदा) एकेकट्या घरांच्या अंगणाला लागू नाही. ती रस्त्याचे दुभाजक, व्यापारी जागा, अपार्टमेंट आणि एचओएच्या ताब्यातल्या सामाईक जागांवरच्या निव्वळ शोभेच्या गवतासाठी आहे. तुमच्या घरासमोरची पट्टी एचओएची असेल, तर ती त्यांची जबाबदारी.

एचओए आराखडा मागू शकते, झाडांची आणि खडीच्या रंगाची यादी मागू शकते. पण नेवाडाच्या कायद्यातल्या एनआरएस ११६.३३० या कलमानुसार कमी पाण्याची बाग करण्याचा हक्क घरमालकाला आहे, विनाकारण अडवता येत नाही. आराखडा लेखी द्या, मंजुरीही लेखीच घ्या.

नापास होण्याचं नेहमीचं कारण एकच: झाडं कमी पडणं. पूर्ण वाढ झाल्यावर निम्मी जागा झाडांनी झाकली गेली पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे ४०० चौरस फूट. नुसती खडी आणि चार निवडुंग चालत नाहीत. आज रोप किती मोठं आहे ते कोणी पाहत नाही, ऑथॉरिटीच्या यादीत त्या झाडाचा घेर किती दिलाय तो धरतात. अंदाजासाठी: ६ फूट घेराचं टेक्सस रेंजर हे झुडूप सुमारे २८ चौरस फूट झाकतं, २० फूट घेराचा डेझर्ट विलो हा वृक्ष ३१४. एक विलो आणि चार रेंजर झाले की ४२६. कृत्रिम गवत या निम्म्यात धरत नाहीत.

उत्तर २ — ठिबकवाला

तुतीबद्दल. लॉन काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात जुनी झाडं वाळलेली या शहरात जागोजागी दिसतात, आणि दोष खडीला दिला जातो. खरं कारण वेगळं असतं. त्या झाडाला स्वतःचं पाणी कधी नव्हतंच, ते लॉनच्या स्प्रिंकलरवर जगत होतं. स्प्रिंकलर बंद केला आणि बुंध्याशी दोन ड्रिपर लावले की झालं, असं लोकांना वाटतं. पाणी पिणारी मुळं बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याही पलीकडे पसरलेली असतात. शिवाय आपल्या क्लार्क काउंटीत (लास वेगस ज्यात येतं तो जिल्हा) १९९१ पासून परागकणांमुळे ही तुती नव्याने लावता येत नाही. गेली तर तशीच सावली पुन्हा मिळणार नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह द्या. बाकी झुडपांबरोबर जोडू नका, कारण दोघांची वेळ जुळत नाही.

इनलाइन ड्रिपरच्या (ठरावीक अंतरावर आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीची दोन वर्तुळं करा: एक बुंध्यापासून ६ फुटांवर, दुसरं ११ फुटांवर. नळी साधारण १०७ फूट लागेल. दर १८ इंचांवर तासाला ०.९ गॅलनचा ड्रिपर धरला तर ७१ ड्रिपर, म्हणजे तासाला ६४ गॅलन. उन्हाळ्यात एका वेळी चार तास, पण सलग नको: दोन तास, मग विश्रांती, मग दोन तास. इथे खाली चुनखडीचा कडक थर, कॅलिची, असतो. सलग सोडलं तर पाणी खाली न मुरता फुटपाथवर वाहतं. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई जमिनीत दाबून पाहा. ओल असेल तिथपर्यंत ती सहज जाते. दोन फूट गेली तर वेळ बरोबर, एक फुटावर अडली तर वेळ वाढवा. पुढचं पाणी वरचे काही इंच वाफशावर आल्यावरच, उन्हाळ्यात साधारण आठवड्याने. रोज दहा मिनिटं देणं सर्वांत वाईट: मुळं वर येतात, क्षार साचतात, पानांच्या कडा करपतात.

व्हॉल्व्हनंतर आधी जाळी फिल्टर (१५० ते २०० मेश, म्हणजे बारीक जाळीचा), मग पाण्याचा दाब कमी करणारा २५ ते ३० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) प्रेशर रेग्युलेटर. हा क्रम उलटा केला तर रेग्युलेटरमध्ये कचरा अडकतो. रेग्युलेटर वगळलाच तर घराच्या ६०-८० पीएसआयला जोड उडतात, आणि खडीखाली गळती आहे हे बिल आल्यावरच कळतं. जुना स्प्रिंकलर व्हॉल्व्ह मिनिटाला १०-१५ गॅलनसाठी असतो. इथे प्रवाह मिनिटाला जेमतेम १ गॅलन. एवढ्या कमी प्रवाहावर तो बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही. ठिबकसाठीचा कमी प्रवाहाचा व्हॉल्व्ह घ्या. प्रत्येक लॅटरलला (ड्रिपरच्या उपनळीला) उघडता येणारी एंड कॅप लावा, वर्षातून दोनदा फ्लश करा.

पाण्याचे ठरलेले वार ठिबकलाही लागू आहेत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकच वार, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीन, मे ते ऑगस्ट रविवार सोडून कधीही.

हिरवळ_ते_खडी

मनापासून आभार. तुतीच्या वर्तुळांचं गणित आजच आराखड्यात घालतो. हरळी मारायची कशी, आणि खडी किती मागवू? कंत्राटदार सगळीकडे प्लास्टिक अंथरायचं म्हणतो.

उत्तर ३ — मुरूम_माती

प्लास्टिक नाही. पाणी खाली जाऊ देणार नाही असं आच्छादन रिबेटच्या अटीत बसत नाही, आणि तुतीची मुळंही गुदमरतील. पाणी झिरपणारं कापड चालतं. तरी माझं मत, तेही घालू नका. दोन-तीन वर्षांत खडीत धूळ साचते आणि तण कापडाच्या वरच उगवतं. मग उपटताना कापड फाटतं आणि खडी-माती एक होते.

मंजुरी मिळाल्यावर, उन्हाळ्यात, हरळी हिरवी आणि वाढती असताना तिला पाणी चालू ठेवा आणि ग्लायफोसेट मारा. औषध पानांतून मुळापर्यंत पोचायला ती जोमात हवी. हिवाळ्यात पिवळी पडलेल्या हरळीवर फवारणं म्हणजे पैसे वाया. दोन-तीन आठवड्यांनी जे हिरवं फुटेल त्यावर पुन्हा, आणि बहुधा तिसऱ्यांदाही. फेस्क्यू पाणी तोडल्यावर उन्हातच जातं, हरळी जात नाही. तुतीच्या बुंध्यावर आणि खालच्या फुटव्यांवर तुषार उडू देऊ नका.

खोदण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या लाइन फुकट आखून देतात. मग मोकळ्या भागातली ३ इंच माती काढा, नाहीतर खडी फुटपाथवर सांडत राहते. तुतीच्या घेराखाली मात्र यंत्र नको आणि खोलीकरणही नको: गवत हाताने खरवडा, मुळं दिसली की थांबा. तिथे खडीऐवजी ३ इंच लाकडी चिप्स टाका, बुंध्यापासून ४-५ इंच लांब. भिंतीशी स्टकोच्या (बाहेरच्या गिलाव्याच्या) तळाची धातूची पट्टी झाकली जाणार नाही हेही बघा.

खडीचा हिशेब: २ इंच थराला एका घनयार्डात १६२ चौरस फूट होतात. ८०० फुटांना सुमारे ५ घनयार्ड, वजनाने ७ टनांच्या आसपास. तुतीखालचा भाग सुमारे ४५० फूट चिप्सचा झाला तर खडी ३५० फुटांचीच, म्हणजे सव्वादोन घनयार्ड. एक इंची, फिक्या रंगाची घ्या. गडद खडी पश्चिमेच्या भिंतीशी नव्या रोपांना भाजून काढते.

ठिबकवाला

कापडाबद्दल सहमत. एक भर: नळ्या टाकून झाल्या की खडी पसरण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्ह तासभर चालवून सगळे जोड तपासा, आणि उघड्या नळ्यांचे फोटो भिंतीपासूनच्या मापांसकट काढून ठेवा. पुढे रोप लावताना कुदळ नेमकी नळीवरच पडते.